सदर इसम

नाव मार्तंड सखाराम घोडेकर, वय एकोणऐंशी,
रंग सावळा, बांधा सडपातळ,
अंगात पांढरा शर्ट, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला.
बोलतात का?
बोलायचे.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं.
आत काय बनतं ते आईला मरेपर्यंत कळलं नाही.
आम्ही विचारलं की म्हणायचे, "साबण."
सुटताना रोज गेटवर हात वर,
खिसे उलटे, डबा उघडा,
उरलेल्या पोळीची घडीसुद्धा उलगडून बघायचा पहारेकरी.
राग नाही यायचा?
"अगं, आत गुपित आहे तर दारात झडती असणारच."
देशाबद्दल ते एवढंच बोलले, जन्मात.

आमच्या बोपोडीच्या चौकात खांब उभा राहिला
तेव्हा विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी.
माझ्या गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांवर
कुणाचा डोळा नको, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.
त्याच डोळ्यानं काल त्यांना शोधलं.
चाळीस मिनिटांत.

गार खोली. भिंतभर पुणं.
हवालदार भापकरबाई, एप्रिलातही स्वेटर.
"हे बघा, सहा बारा, बोपोडी.
सहा एक्केचाळीस, खडकी बाजार.
सात दहा, होळकर पूल."
वडील एका चौकटीतून मावळत, दुसरीत उगवत.
मधला रस्ता कुठंच दिसत नव्हता.
तेवढा त्यांचा.

पुलाच्या अलीकडे, बंद सायकल दुकानाच्या पायरीवर
रुमालानं त्यांनी शेजारची जागा पुसली,
मग आपण बसले. आणि बोलत राहिले
वीस मिनिटं, त्या पुसलेल्या जागेशी.
मध्येच हसले. लाजून.
हे हसू आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही.
"आवाज येत नाही का?" मी विचारलं,
आणि जीभ चावली.

"ओळखते मी यांना," भापकरबाई म्हणाल्या,
"मंगळवारी येतात. मागचंही काढून देऊ?"
मी नको म्हटलं.
मग हो म्हटलं.
मग त्यांच्या हातावर हात ठेवला.
"तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ताई."
आणि तीस दिवस?
"तीस दिवस मी असते. साहेब असतात.
आणि वरून कुणी मागितलं तर..."

तेवढ्यात फोन. स्वारगेट, फलाट सहा,
बेवारस बॅग.
सगळ्या माना एका चौकटीकडे. माझीही.
कुणी पंखा बंद केल्यासारखी शांतता.
मग एक बाई धावत आली, कडेवर पोर,
बॅगेतून दुधाची बाटली काढली, बूच दातांनी उघडलं.
खोली सैलावली. कुणीतरी चहा सांगितला.
तिला कधीच कळणार नाही
की अकरा अनोळखी माणसांनी तिला पाहिलं,
आणि अकराही जणांना बरं वाटलं.

वहीत लिहिलं: सदर इसम मिळून आला,
मुलीच्या ताब्यात दिला.
ताब्यात या शब्दाखाली मी सही केली.
अक्षर तेच, अर्जावरचं.

आता त्यांच्या शर्टाच्या आतल्या शिवणीत
बटणाएवढं यंत्र शिवलंय मी.
त्यांना सांगितलं नाही.
सांगणार काय, साबण?
सकाळी दारात ते आहे ना, चाचपून बघते,
आणि ते, काही न विचारता,
पिशवी खाली ठेवतात,
दोन्ही हात वर करतात.

मंगळवारी माझ्या फोनवरचा ठिपका
पुलाच्या अलीकडे थांबतो.
मी फोन ओट्यावर पालथा घालते.
पीठ मळते. तवा तापतो.
मग भाकरी उलटावी तसा
पिठाच्या हातानं तोही उलटते.